मालजाआत्या

लंडनला राहतो म्हटलं की साताऱ्याचे नातेवाईक राणीची चौकशी करायचे. आमचं लंडन कॅनडातलं. राणी इथे फक्त नाण्या-नोटांवर भेटते. दोन हजार सहा-सात सालची गोष्ट असेल. शेजारच्या घरात एक कोरियन बाई मुलगा-सुनेकडे राहायला आल्या. साठीच्या, ठेंगण्या, एका जागी बसणं ठाऊकच नसलेल्या. दारातला बर्फ उपसून झाला की माझ्याही दारातला उपसून टाकायच्या. मी तिसऱ्यांदा गरोदर होते आणि नवरा पहाटेच कारखान्यात गेलेला असायचा. मी खिडकीतून "राहू द्या" अशा खुणा करायची, त्या "आत जा" म्हणून फावडं उगारायच्या.

पुढे मी त्यांना अगं-तुगं करायला लागले, म्हणून इथेही तसंच लिहिते. इंग्रजी दोघींचंही बेताचं, पण तिचं माझ्याहून बेताचं, त्यामुळे तिच्यासमोर मी धडाधड बोलायची. मुलानं तिला एक सोपं इंग्रजी नाव देऊन ठेवलं होतं आणि सगळी गल्ली तिला त्याच नावानं ओळखायची. खरं नाव विचारलं की ती हसून विषय बदलायची.

मला तिसरीही मुलगीच झाली. मला आनंद झाला होता, हे आधीच सांगून टाकते, कारण फोनवर कुणाचा त्यावर विश्वास बसत नव्हता. जो तो माझं सांत्वन करत होता. मी चिडून फोनकार्डावरची मिनिटं उरलेली असतानाच फोन ठेवायची.

सासूबाई मनानं वाईट नाहीत. त्यांनी नातीसाठी एक नाव सुचवलं. कानाला गोड, अर्थ असा की समाधान झालं, भरून पावलो. वर पुस्ती जोडली, की असं नाव ठेवलं म्हणजे देवाला कळतं, आता मुली पुरे. ते नाव मी इथे लिहीत नाही. माझ्या ओळखीत त्या नावाच्या बायका आहेत आणि सगळ्याच भल्या आहेत. नवऱ्याला ते आवडलं. "नाव क्यूट आहे, आईलाही बरं वाटेल. व्हॉट्स द प्रॉब्लेम?" असं त्याचं म्हणणं. नाव मलाही आवडलं होतं. पुस्ती तेवढी घशात अडकली होती.

कोरियात बाळंतिणीला समुद्रातल्या शेवाळाचं सूप देतात, आपल्याकडे अळिवाची खीर देतात तसं. शेजारीण ते रोज घेऊन यायची, माझ्यासाठी मुद्दाम मांस न घालता. हिरवंकाळं आणि बुळबुळीत. थोरल्या दोघी नाकं मुरडायच्या. मी मात्र वाडगा चाटूनपुसून संपवायची. माझ्या आईला व्हिसा मिळाला नव्हता आणि मला कुणीतरी समोर बसून "खा" म्हणायला हवं होतं.

एकदा तिनं बाळाचं नाव विचारलं. मी सासूबाईंनी सुचवलेलं नाव सांगितलं. त्यांच्याकडे नावाचा अर्थ विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत, तेव्हा अर्थही सांगितला आणि पुस्तीही. सूप वाढता वाढता तिनं चमचा खाली ठेवला. मग पहिल्यांदाच तिनं मला आपलं नाव सांगितलं. मालजा. म्हणजे शेवटची. मुलींतली ही शेवटची असू दे, पुढे मुलगा येऊ दे, म्हणून आजोबांनी ठेवलेलं. शाळेत तिच्या वर्गात आणखी मालजा होत्या. मोठी मालजा, धाकटी मालजा, विहिरीजवळची मालजा. मास्तरांनी हाक मारली की सगळ्या उभ्या राहायच्या. आणि हिच्या पाठीवर पुन्हा बहीणच झाली. तिला मात्र छान नाव मिळालं, कारण तोवर आजोबांचा उपायावरचा विश्वास उडाला होता. हे सांगताना ती खूप हसली. मी पण हसले, आणि हसता हसता मला माझी आत्या आठवली. आमच्या गावाकडे अशा मुलींचं नाव नकुसा ठेवतात, म्हणजे नकोशी. माझ्या कानात माझं नाव सांगणारी आत्या नकुसाच होती. तिच्या नावाचा अर्थ आम्हा सगळ्यांना माहीत होता आणि कुणालाच कधी काही वाटलं नव्हतं.

हसू ओसरल्यावर मालजा म्हणाली, "ते नाव माझं नव्हतंच. येणाऱ्या भावाचं होतं. मी नुसती ते घेऊन फिरले."

संध्याकाळी हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं स्वतःच आईला फोन लावला. मला एवढंच ऐकू आलं, "आई, ती मोठी होऊन अर्थ विचारणार ना." सासूबाई थोड्या रुसल्या. मग मला फोनवर म्हणाल्या, नाव काय हवं ते ठेवा, पण बाळाची आत्या पुण्यात, आत्याशिवाय बारसं कसं करणार? मी म्हटलं, आत्या मिळाली आहे.

बारसं बेसमेंटमध्ये झालं. क्रिब काही हलत नाही, म्हणून तुळईला साडीची झोळी बांधली. शहरातल्या मराठी बायका आल्या. आम्ही निवडलेलं नवं नाव मालजा आठवडाभर घोकत होती. तिला सगळं समजावलं, एकच सांगायचं विसरले. ती झोळीत वाकून बाळाच्या कानाशी बोलायला लागली, तशा बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. ती दचकली, पण उठली नाही. एक हात झोळीवर ठेवून बोलतच राहिली. थोरली मला म्हणाली, "मम्मा, दॅट्स वे लाँगर दॅन हर नेम."

जेवणं झाल्यावर मालजानं आधी मारण्याचं कारण विचारलं. नाव ठेवणाऱ्याला आमच्यात मारतात, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "मग आमच्या आजोबांना मारायला हवं होतं."

मी विचारलं, कानात एवढं काय सांगत होतीस?

"नाव सांगितलं. पण त्याच्या आधी म्हटलं, बरं झालं आलीस. नीट ऐकू जावं म्हणून पुन्हापुन्हा म्हटलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धपाटे बसले होते तिथे मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिचंच वाक्य तिला मराठीत म्हटलं, "मालजाआत्या, बरं झालं आलीस."