गाठीखालची मुळं

नोव्हा स्कोशियाच्या त्या खोऱ्यात भोपळा खाण्यासाठी कमी आणि तोलण्यासाठीच जास्त लावतात. लिओटाचा नवरा ओरेन या वेडातच म्हातारा झाला. तो गेला तेव्हा त्यानं जोपासलेल्या जातीचं एकच बी उरलं होतं. ते लिओटानं पेरलं. ऑक्टोबरच्या जत्रेत सगळ्यांत जड ठरून पहिल्या आलेल्या भोपळ्याबरोबर ओरेनचं नाव पुकारलं जावं, एवढंच तिचं देवाकडे मागणं.

वेल पसरला की त्याची प्रत्येक गाठ मातीत पुरायची. तिथंही मुळं फुटतात आणि पानांना जवळचं पाणी मिळतं. हे तिला मर्लनं, धाकट्या दिरानं, शिकवलेलं; तोही दरवर्षी जत्रेत आपला भोपळा उतरवायचा. माती दबू नये म्हणून तो खिडकीचं जुनं पट्ट्यापट्ट्यांचं दार अंथरून त्यावर गुडघे टेकी.

ऑगस्टात तिच्या छातीत कफ भरला, लेकीकडे जावं लागलं.

"भाऊजी, वेल तुमच्यावर सोपवून चाललेय हं."

"निर्धास्त जा, वहिनी. तुम्ही त्याला नुसत्या प्रार्थना पाजता, मी पाणी पाजीन!"

ती परतली तर माती ओली, पण ऊन चढलं की पानं माना टाकायची. पानाच्या पाठीवर बारीक बारीक तोंडं असतात. त्यांतून हवा आत येते, मुळांतून पाणी येतं आणि उन्हावर दोन्हींचं अन्न शिजतं. पाणी पोचेनासं झालं की पान ती तोंडं मिटून घेतं. मग हवाही बंद, स्वयंपाकही बंद. भोपळा वाढायचा थांबला होता.

"ऊन बाधलंय, वहिनी. पाणी वाढवा," मर्ल म्हणाला.

तिनं वाढवलं. पानं तशीच. शेवटी तिनं बोटांनी एक गाठ उकरली. खालची मुळं सुरीनं कापलेली, वर माती नीट थापलेली. दुसरी गाठ तशीच, तिसरीही. त्या गाठींशेजारीच, दाट पानांखाली पाणी न पोचलेल्या कोरड्या मातीवर, खिडकीच्या दाराच्या पट्ट्यांचे वळ उमटलेले होते.

ती तडक त्याच्या अंगणात गेली. "का हो, भाऊजी?"

मर्लनं मान वर केली नाही. "दादा होता तोवर जत्रेत मी दुसरा. गेल्यावरही दुसराच राहू?"

जत्रेत मर्लचा भोपळा पहिला आला. लिओटा आपला लहानगा भोपळा घेऊन सुगीच्या प्रार्थनेला चर्चमध्ये गेली आणि तो देवापुढे ठेवून बाकावर बसली. प्रार्थनेत शेजारी बसलेल्याचा हात हातात घेऊन शांती चिंतायची वेळ झाली. शेजारी मर्लच होता, नेहमीसारखा.

"शांती असो, वहिनी."

देवाच्या घरात हात कसा नाकारायचा? तिनं घेतला.

"शांती असो, मर्ल."

लग्न होऊन त्या घरात आल्यापासून तिनं त्याला नुसत्या नावानं कधी हाक मारली नव्हती.