पाचवा ‘काढला’

असले अनुभव मी आजवर चहा पिताना हसायला म्हणून वाचायचे. आमच्या टिळकवाडीच्या ऑफिसात रिलीजच्या दिवशी सर कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळतात, तेव्हासुद्धा मी म्हणते, "सर, आधी लॉग बघा." तर अशा बाईनं हे लिहायचं म्हणजे... असो. घडलं तसं सांगते.

मी मंजुळा, जावा डेव्हलपर. घर वडगावात, वडिलांचे, म्हणजे आप्पांचे, तीन पॉवरलूम, आमच्या भाषेत माग. माग सुरू करायच्या आधी आमच्याकडं एक पद्धत आहे. बटणापाशी असेल त्यानं ओरडायचं, "हात?" मागाजवळ असेल त्यानं हात बाहेर घेऊन म्हणायचं, "काढला!" उत्तर आल्याशिवाय बटण दाबायचं नाही म्हणजे नाही. आयुष्य खडखडाटात गेल्यामुळं आप्पांचे कान गेलेत. आता त्यांना खांदा हलवून विचारावं लागतं.

निपाणीच्या एका हॉस्पिटलसाठी आम्ही वेब ॲप्लिकेशन करत होतो. मूळ ॲप एक, आणि त्याला जोडायचे सुटे भाग, म्हणजे प्लगइन, चार – केसपेपर, लॅब, फार्मसी, वॉर्ड. प्रत्येकाची फाइल एका फोल्डरमध्ये टाकायची, ॲप ती आपली आपण उचलतं. डॉक्टरांची अट अशी की ॲप बंद न करता एखादा प्लगइन बदलता आला पाहिजे. पण काम चालू असताना प्लगइन ओढून काढला तर एखाद्याचा रिपोर्ट अर्धाच लिहिला जायचा! म्हणून मी आप्पांचीच पद्धत उचलली. बदलाआधी ॲप सगळ्या प्लगइनना विचारतं – ‘हात?’ प्रत्येकानं हातातलं काम संपवून सांगायचं – ‘काढला’. सगळ्यांची उत्तरं आली की मगच बदल. लॉगमध्ये, म्हणजे ॲपच्या नोंदवहीतसुद्धा, हेच शब्द ठेवले. सर हसले, पण राहू दे म्हणाले.

एक सांगायचं राहिलं. घरी लॅपटॉपवर टेस्टिंग करताना मी खोटे प्लगइन केले होते – माग-१, माग-२, माग-३. काम झाल्यावर पुसून टाकले.

मंगळवार होता, सकाळचे साडेअकरा. लॅबचा प्लगइन बदलायचा होता. तेवढ्या वेळापुरते निपाणीत रिपोर्ट थांबवलेले, खिडकीसमोर रांग. मी बदल सुरू केला. केसपेपर – काढला. लॅब – काढला. फार्मसी – काढला. वॉर्ड – काढला.

आणि ॲप थांबलं. स्क्रीनवर ओळ आली – ‘पाचपैकी चार. वाट बघत आहे : माग-३.’

पाच कुठले? फोल्डर उघडला. चारच फाइली. परत मोजल्या... चारच! सर मागं येऊन उभे राहिले. "जुना टेस्ट कोड राहिला असेल गं. फोर्स कर." फोर्स म्हणजे उत्तराची वाट न बघता पुढं जायचं बटण, तेही मीच ठेवलेलं. तिकडं निपाणीहून फोनवर फोन. मी माउस फोर्सवर नेला, आणि खरं सांगते, बोट खाली जाईना. घरच्या तीन नंबरच्या मागावर दोन दिवस धागे सारखे तुटत होते, तेच डोक्यात आलं.

मी आईला फोन लावला. "आई, आप्पा कुठं हायत?"

"मागावर. करंट गेलाय न्हवं, धागं जोडत बसल्यात."

"तीन नंबरच्या?"

"व्हय. का गं?"

"बटण बंद केलंय काय त्यांनी?"

"अगं बाई, बटण..."

 करंट गेला की माग आपोआप थांबतो, आणि बटण बंद करायचं राहून जातं. आमच्या गल्लीत सगळ्यांचंच राहतं. मग करंट आला की माग एकदम सुरू.

"आई, पळ!"

फोन चालूच होता. आईच्या चपलांचा आवाज येत होता. इकडं सर, "मंजुळा, फोर्स! लोक खोळंबलेत!" "थांबा म्हटलं ना!" सरांवर मी जन्मात पहिल्यांदा ओरडले.

तेवढ्यात स्क्रीनवर ओळ आली. माग-३ – काढला.

लॅबचा नवा प्लगइन चढला. आणि फोनमध्ये माग खडखडायला लागला. करंट आला होता.

"आई! हात... आप्पांचा हात?"

"हाय गं बाई, हाय. मी पोचायच्या आधीच बाजूला हुबं होते." आणि आई रडायलाच लागली. मीही.

सरांनी आणि मी दोन दिवस सगळा सर्व्हर धुंडाळला. माग-३ नावाची फाइल कुठंच नाही, कोडमध्ये नाव नाही. लॉगमध्ये मात्र त्या दोन ओळी आहेत. नंतर कितीदा बदल केले, दरवेळी चारच उत्तरं येतात. फोर्सचं बटण मी काढून टाकलं.

एवढ्यावर मी योगायोग म्हणून सोडूनही दिलं असतं. पण त्या संध्याकाळी घरी गेले, तर आप्पा चहा घेत बसलेले. मी त्यांचा खांदा हलवून कानाशी ओरडून विचारलं, "आप्पा, हात कसा काय काढलासा?"

"आता बघ की! तूच न्हवं ओरडलीस, ‘हात?’ म्हणून?"

"मी ऑफिसात होते, आप्पा. आणि तुम्हाला ऐकू आलं?"

"स्वच्छ आलं. पर हात धाग्यात गुतलेला, लौकर निघंना. लई येळ लागला. निघाला तवा म्हणालो, काढला." मग कप खाली ठेवून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तवर थांबलीस ते बरं केलंस, पोरी."

त्यांना काय सांगणार? मी आपली म्हणाले, "व्हय आप्पा, थांबले."