वाचून दाखवतो, मग अंगठा

निजामाच्या राज्यात कागद उर्दूत आणि माणसं मराठी. नेकनूरकडचे शेतकरी कचेरीत जबानी द्यायचे, ती आमचे थोरले मुन्शी उर्दूत उतरवायचे. मग कुणी न सांगता सगळा कागद मराठीतून मोठ्यानं वाचायचे. ओळीओळीला विचारायचे, "बराबर हाय का?" अंगठा त्यानंतर. त्यांच्या हाताखालचा कारकून म्हणून शेजारी बसून मी वैतागायचो, किती वेळ जातो म्हणून.

कचेरीचे नवे साहेब, पेशकार, आले आणि त्यांनी हुकूम दिला, वाचून दाखवणं बंद. मुन्शींनी आठ दिवस हुकूम पाळला, पण अंगठा घेताना नजर वर केली नाही.

नवव्या दिवशी म्हणाले, "सोडतो नोकरी."

"दुसरी बघितली का, मुन्शीजी?" मी विचारलं.

"न्हाई."

"घरी तीन लेकी हायेत तुमच्या."

"म्हणूनच. उद्या त्यांच्याबी फुडं कुणीतरी कागद धरील."

त्यांनी उर्दूत राजीनामा लिहिला आणि ओसरीवरच्या शेतकऱ्यांना मराठीतून वाचून दाखवला. "बराबर हाय," असं स्वतःशीच म्हणाले. मग कचेरीतली सगळ्यांत देखणी सही करणाऱ्या त्या माणसानं शाईत अंगठा बुडवून कागदावर उठवला.

त्यांच्या जागी आता मी बसतो. एखादा म्हातारा अंगठा देताना थांबतो, माझ्या तोंडाकडं बघतो. मी पुढचा कागद ओढतो.