आबांचा घाट आणि माझी बॅटरी

कर्जतला गाडीला मागून बँकर (घाट चढताना ढकलायला जोडतात ते इंजिन) लागलं आणि मी खिडकीतून चित्रण सुरू केलं. बोगदा संपला की दरी एकदम पायाखाली यायची. नागनाथपाशी तर ढग आमच्या खाली होते. मी भारावून दरीकडेच बघत राहिले आणि गाडीच्या हिसक्यांनी चित्रण थरथरलं.

हा खटाटोप आबांसाठी होता. आबा म्हणजे माझी मैत्रीण सुजाताचे वडील. उभा जन्म याच घाटात इंजिन चालवलं. आता नजर जेमतेम उरलेली. दुसऱ्या दिवशी पुण्यात ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी हमी दिली नव्हती. त्याआधी त्यांना घाट एकदा बघायचा होता.

लोणावळ्याला लोकल पकडून बेगडेवाडीला त्यांच्या घरी पोचले, तर पंखे बंद.

"आज गुरुवार ना," सुजाता म्हणाली. "लाइट संध्याकाळी येईल."

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते; जन्म पुण्यात काढून मी ते विसरले होते. आबांना तर चारच्या लोकलने पुण्याला निघायचं होतं. लॅपटॉपची बॅटरी निम्म्याहून कमी. तेवढ्यात चित्रणाची थरथर काढायची, ते उजळ करायचं, मग दाखवायचं. पडद्याचा उजेड कमी करावा, तर आबांना काहीच दिसणार नाही. मी घाईघाईने काम सुरू केलं. लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागला, टक्के भराभर उतरू लागले.

"पोरी, तुजं इंजिन लय आरडतंय," कॉटवरून आबा म्हणाले. "फुल नॉचवर हाय का?" (नॉच म्हणजे इंजिनाचा जोर वाढवण्याचा टप्पा.)

"हो आबा, लवकर व्हावं म्हणून."

"दोन नॉच कमी कर. येळ लागंल, पर पोचशील."

पॉवर सेटिंग खरंच 'सर्वोत्तम कामगिरी'वर होतं. ते 'बॅटरी बचत'वर आणलं, प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभरवरून साठ टक्के केली. पंखा गप्प झाला. काम रखडत चाललं, पण टक्के टिकले. नजर अधू झालेल्या माणसाने हे नुसतं कानाने ओळखलं होतं! तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन होईपर्यंत घाट तयार झाला.

आबांनी नाक पडद्याला टेकवलं. "मंकी हिल," ते पाटी यायच्या आधीच म्हणाले. खंडाळ्याला बॅटरीची सूचना आली. लोणावळ्याच्या फलाटावर गाडी थांबली आणि पडदा काळा झाला.

"पोरी," आबांनी हळूच विचारलं, "पडदा गेला का माजी नजर?"

"पडदा, आबा."

"मग ठीक हाय. घाट झाला."

पुण्याला जाताना लोकलमध्ये आम्ही तिघं शेजारी बसलो. उद्याची धास्ती मलाच जास्त होती. मांडीवरच्या विझलेल्या लॅपटॉपचा पंखा इतकी वर्षं रोज ओरडत होता, मी कधी ऐकलंच नव्हतं. पुढचं स्टेशन सुटताना लोकलच्या मोटारीचा आवाज चढला. आबांनी डोळे मिटून कान दिला.

"मोटरमन नवा हाय," ते म्हणाले. "घाई करतोय."