जास्तीचं अल्कोहोल

चूक माझीच होती, आणि ती नकळत झालेली नव्हती.

दम्मामच्या एका दंत महाविद्यालयात मी उंदरांच्या पिल्लांच्या दातांवर काम करायचो. दात हिरडीतून वर येण्याच्या कितीतरी आधी जबड्यात त्याची कळी धरते. कुठल्या जनुकाला कधी गप्प बसवायचं, हे तिथले अगदी लहान आरएनए सांभाळतात. ते बिघडले तर इनॅमल पातळ राहतं, कधी नको तिथे जास्तीचा दात येतो. कळीतून हे आरएनए वेगळे काढायचे, हे माझं काम.

परदेशी लोकांच्या जागी सौदी नेमायच्या सौदीकरणात माझ्या हाताखाली एक तरुण सौदी संशोधक आला. त्याला शिकवायचं आणि जागा सोडायची, असं मला स्पष्ट सांगितलं होतं.

"तो तयार झाला की आपलं खलास," बायको म्हणाली. "पोरीची दहावी तरी होऊ द्या."

इकाम्याची, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याची, मुदत संपत आली होती.

गाळणीवर आरएनए धरून राहावेत म्हणून द्रावणात अल्कोहोल घालतात. नेहमीच्या मापाने मोठे आरएनए अडकतात, लहान निसटून जातात. त्यांच्यासाठी ते जास्त घालावं लागतं. तो नेहमीचंच माप घालत होता. नळी उजेडात धरून हसला, "डॉक्टर, याहून जास्त घातलं तर हराम होईल."

मीही हसलो. माप तसंच राहू दिलं.

त्याचे नमुने रिकामे निघत राहिले. माझा इकामा वाढला, पोरगी पास झाली. मला मात्र सकाळी प्रयोगशाळेचं दार ढकलायचाही कंटाळा येऊ लागला. तो माझ्या आधी येऊन कामाला लागलेला असायचा.

एकदा हुफूफ गावातल्या आपल्या घरचे खजूर त्याने माझ्यापुढे ठेवले.

"हाताला बरकत लागते, डॉक्टर. तुमच्या आहे, माझ्या नाही. मी संशोधन सोडतोय. उद्या अर्ज देतो."

खजूर तोंडात तसाच राहिला. लपवून लपवून मी थकलो होतो. उठलो, कुलपातलं अल्कोहोल काढलं आणि त्याच्या नळीत हवं तेवढं घातलं. तो बघत राहिला.

"एवढं लागतं," मी म्हणालो. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझ्या हातात काही खोट नाही. माझी जागा जाईल म्हणून मी मुद्दाम सांगितलं नाही. मला माफ कर."