अडचण नसलेली सवाष्ण

करंजाड्यातल्या आमच्या इमारतीत वसुंधराकाकू परचुरे यांना कोणतंही पद नाही. सोसायटीच्या कमिटीत त्या नाहीत आणि मीटिंगलाही जात नाहीत. तरी कोणाकडचा सत्यनारायण कोणत्या रविवारी होणार, कोणाच्या डोहाळजेवणात ओटी कोण भरणार, हे त्याच ठरवतात. कारण एक माहिती फक्त त्यांच्याकडे असते. कोणत्या बाईची अडचण कधी असते, ती. आमच्याकडे पाळीला अडचण म्हणतात, आणि काकूंच्या लेखी ती खरोखरच अडचण असते, कारण तिच्यापायी कार्यक्रम पुढे ढकलावे लागतात. जिन्यात भेटलेल्या बाईकडे बघून त्या म्हणतात, "तुझं पुढच्या आठवड्यात, नाही का?" आणि ते बरोबर निघतं. तिसऱ्या मजल्यावरची प्रांजल आपल्या तारखा मोबाइलच्या ॲपवर ठेवते. ॲपचा भरवसा वाटेना की ती काकूंना विचारते.

काकू टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या. काका गेले तेव्हापासून त्या हळदीकुंकू लावून घेत नाहीत. कोणी त्यांना नको म्हटलं होतं असं नाही. कोणी म्हणायच्या आत त्यांनीच स्वतःला नको म्हणून टाकलं. पण म्हणून कार्यं थांबतात थोडीच. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या राहतात आणि तिथून सांगतात, "आधी हळद, मग कुंकू. अगं, उजव्या हाताने." डोकं त्यांचं, हात दुसऱ्यांचे. आणि हे दुसऱ्यांचे हात नेमके हवे त्या दिवशी अडचणीत असायचे, हे त्यांचं कायमचं दुखणं होतं.

रेवा तीन महिन्यांची असताना मी सोलापूरहून तिला घेऊन परतले आणि हे दुखणं बरं झालं.

"अंगावर पाजतेस ना?" काकूंनी पहिल्याच भेटीत विचारलं.

"हो."

"मग तुझं काय बाई, तू मोकळीच!"

तेव्हापासून मी इमारतीची बारमाही सवाष्ण झाले. आयत्या वेळी कोणी गळलं की काकू माझं दार वाजवायच्या. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि देवाधर्माबद्दल माझी काही मतं आहेत. पुरणपोळीच्या आड मात्र ती कधी आली नाहीत. खरं कारण वेगळं होतं. नवरा, सत्यजीत, सकाळी जातो तो रात्री येतो. इथे माझं कोणी नव्हतं. दिवसभर मी आणि रेवा, आणि रेवाला होऊ शकतील असे सगळे आजार. मी पाटावर बसले की कोणीतरी रेवाला कडेवर घ्यायचं आणि तेवढा वेळ ती श्वास घेते आहे की नाही हे बघण्याची जबाबदारी माझ्यावर नसायची. त्यासाठी मी कोणत्याही देवीपुढे बसले असते.

मग काकूंचं बोडण निघालं. बोडण हा कोकणस्थांचा कुळाचार. घरात लग्न झालं, मूल झालं की करायचा. परातीत अन्नपूर्णेची मूर्ती ठेवायची, त्यात पुरण, दूध, दही, तूप, मध घालायचं आणि चार सवाष्णी नि एक कुमारिका यांनी सगळ्यांनी मिळून ते हातांनी कालवायचं, आणि कुमारिका मागेल ते त्यात घालत जायचं. दार बंद. बाहेरच्या कोणी ते बघायचं नाही. शेवटी ते सगळं गाईला घालायचं.

काकूंचा मुलगा चारुदत्त जर्मनीत असतो. त्याचं लग्न झालं तेव्हा बोडण राहून गेलं, कारण पाठोपाठ काका आजारी पडले. आता त्याला मुलगा झाला, अथर्व, पण दिवस भरायच्या आधीच. बरेच दिवस तो काचेच्या पेटीत होता. घरी आला, तरी वजन धरेना. काकू रोज संध्याकाळी फोनवर वजन विचारायच्या आणि फोन ठेवला की म्हणायच्या, "राहिलेलं बोडण आहे ते. देवी आठवण करून देतेय." मी त्यांना कमी वजनाच्या बाळांबद्दल वाचलेलं बरंच काही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शुक्रवार नक्की केला.

आता करंजाड्यात चार कोकणस्थ सवाष्णी आणायच्या कुठून? काकू आधी म्हणाल्या, कोकणस्थच हव्यात. मग, देशस्थ चालतील. म्हणजे मी बसले. मग, शाकाहारी असली म्हणजे झालं. त्यात पहिल्या मजल्यावरची हेतल बसली आणि तिची आठ वर्षांची अनुष्का कुमारिका म्हणून मिळाली. प्रांजलने आपली जात काय ते सांगितलं नाही आणि काकूंनी विचारायचं टाळलं. चौथी काही मिळेना. शेवटी ज्यांच्या प्लॉटवर आमची इमारत उभी आहे त्या बळीरामभाऊंच्या सुनेवर, भाविकावर, गाडी येऊन थांबली. भाविका आगरी. तिच्याकडे सोमवार सोडून रोज मासळी.

"आदल्या दिवशी सुकटसुद्धा नको हं," काकू म्हणाल्या.

"नाय खाणार, काकू. दोन दिवस नाय खाणार. पण मग शनिवारी माझ्याकडं जेवायला येवा."

"मी?"

"बघा. आमी तुमच्याकडं यायचं, तुमी आमच्याकडं नाय."

काकू हसल्या आणि विषय बदलला. जातीचं कुंपण असं एकेक काठी काढत त्यांनी जमिनीपर्यंत आणलं होतं. अडचणीचं मात्र तसंच उभं होतं. "त्यात तडजोड नाही," त्या म्हणाल्या. "तिघींच्या तारखा मी बघितल्यात. तुझं तर बघायलाच नको."

शुक्रवारी सकाळी न्हाणीघरात मला कळलं की माझंही आता बघायला हवं.

आधी वाटलं काहीतरी भयंकर झालंय. मग कळलं की काय झालंय, आणि तेही भयंकरच वाटलं. रेवा दहा महिन्यांची. अजून अंगावर पीत होती. दोन दिवस ती तोंड लावायची, सोडायची, किंचाळायची. मी म्हणत होते दात येताहेत. म्हणजे दूध आटत होतं का? चव बदलली होती का? सासूबाई सोलापूरहून सांगून थकल्या होत्या, पाळी आली की दूध बाळाला बाधतं. मी त्यांना हसले होते. आता हसू येत नव्हतं. त्यात घरात एक पॅड नव्हतं. दीड वर्ष लागलंच नव्हतं ना. मी हेतलला फोन केला.

"अरे देवा! आज?" हेतल पॅड घेऊन आली ती नटूनथटूनच. "ऐक, बोलू नको. गप बसून जा. देवीला काय, कोण सांगणार आहे?"

"देवीला माहीतच असेल की, असली तर."

"असली तर माहीत आहे, नसली तर प्रॉब्लेमच नाही. चल, साडी नेस."

तर्क बिनतोड होता. पण ज्याचा देवावर विश्वास नसतो त्याला भीती जास्त वाटते. नवस बोलून मोकळं व्हायची सोय नसते ना. मी गप्प बसून परातीत हात घातला आणि पुढच्या आठवड्यात त्या जर्मनीतल्या पोराचं वजन आणखी उतरलं, तर? संबंध काहीही नसता. मला तो रात्रंदिवस दिसत राहिला असता.

मी रेवाला घेऊन काकूंकडे गेले. काकू रेशमी साडीत, ओल्या केसांची गाठ मारून पुरण वाटत होत्या. परातीत अन्नपूर्णा बसलेली होती.

"काकू, मला अडचण आली."

त्यांचा हात थांबला. "कधी?"

"आत्ता सकाळी."

"अगं, पण तू पाजतेस ना अजून?"

"पाजते."

"मग कशी आली?" दोघींमध्ये काही करार होता आणि मी तो मोडला, असा त्यांचा सूर होता. "चारूच्या वेळी मला दीड वर्ष आली नव्हती!" मग त्या झटकन दोन पावलं मागे सरल्या. त्याच वेळी रेवा माझ्या हातातून खाली उतरली, रांगत गेली आणि त्यांच्या सोवळ्याच्या निऱ्या धरून उभी राहिली. काकूंनी खाली बघितलं. "तान्ह्या मुलाला विटाळ नसतो," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि निऱ्या सोडवल्या नाहीत.

एवढ्यात हेतल, अनुष्का आणि भाविका आल्या. प्रांजल कानात इअरफोन घालून आली. ती ऑफिसच्या कॉलवर होती आणि तिकडच्यांना वाटत होतं ती टेबलापाशी बसली आहे. काकूंनी सगळ्यांना सांगितलं. लपवायला वेळ नव्हता.

"पुढच्या शुक्रवारी करू या ना," प्रांजल म्हणाली.

"देवीला आवाहन झालंय. आली ती दारात, आता परत जा म्हणू?" काकू ओट्याला टेकल्या. डोळे मिटून त्यांनी मजल्यामागून मजले मनात तपासले. एकीची तारीख, एक गावाला, एकीचं अजून लग्नच व्हायचं. "नाहीच होणार म्हणजे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्या बाईचा झाला. "इथपर्यंत आणून नाहीच."

"मग तुमीच बसा की, काकू," भाविका म्हणाली.

काकू ओट्यापासून बाजूला झाल्या.

"मला चालत नाही, भाविका."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं?"

"आता मना सांगा," भाविकाने पदर खोचला, "दार तर तुमी बंद करणार. आत काय झालं ते बाहेरच्यानं बघायचं नाय, ही तुमचीच रीत. मग बघतंय कोण?"

"देवी बघतेय."

"मग ती मनापण बघतेय. परवा मी बोंबील खाल्लेत."

"परवा?" काकू म्हणाल्या. "दोन दिवस नाही म्हणाली होतीस ना?"

"रात्री खाल्ले. म्हंजे दोन नाय, दीडच दिवस झाला."

हेतल फिसकन हसली. अनुष्काला काही कळलं नाही, पण तीही हसली. काकू मात्र परातीकडे बघत उभ्या होत्या. त्यांना त्या वेळी काय दिसत होतं मला ठाऊक नाही. मी त्यांना गेले कित्येक महिने उंबऱ्याशी उभं राहून दुसऱ्यांचे हात चालवताना बघत होते. त्यांनी हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि मला म्हणाल्या, "तू बाहेर बस. दारावर. कोणालाही आत सोडू नकोस."

अशा रीतीने त्या बोडणाची मी पहारेकरी झाले. दाराला पाठ लावून हॉलमध्ये बसले आणि रेवाला घेतलं. आतून काकू विचारत होत्या, "कुमारिके, काय हवं?"

"साखर," अनुष्काचा आवाज.

"आणखी काय हवं?"

"साखर."

"अगं, दूध, तूप काहीतरी माग!"

"साखर!"

मग काकूंचा आवाज चढला. "असं नाही गं, हेतल, वरवर काय फिरवतेस? तळापासून घे. सरक. अशी." मग बराच वेळ नुसतं चिखलात चालल्यासारखं काहीतरी वाजत राहिलं, आणि मग आत कोणीतरी मोठ्याने हसलं. मला आधी ओळखू आलं नाही. काकूंना तसं हसताना मी ऐकलं नव्हतं. रेवाने तोंड लावलं, सोडलं, पुन्हा लावलं, आणि मग पीत राहिली. टेबलावर चारुदत्तचा व्हिडिओ कॉल वाजत होता. मी तो वाजू दिला.

दार उघडलं तेव्हा काकूंचे हात कोपरापर्यंत भरलेले होते, नखांत पुरण होतं आणि कपाळावर तुपाचा ओघळ होता. त्यांनी हात धुतले, साडी सारखी केली आणि आपणहून मुलाला फोन लावला.

"झालं रे बाबा. अगदी छान झालं."

"कोण कोण होतं, आई?"

"ही हेतल, भाविका, प्रांजल," काकू म्हणाल्या. क्षणभरही न थांबता त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. "आणि मिताली. हिनेच सगळं केलं हो."

"थँक्स हं, मिताली," चारुदत्त म्हणाला. बायको त्याच्या मागे अथर्वला खांद्यावर घेऊन उभी होती.

"अहो, त्यात काय," मी म्हणाले.

संध्याकाळी मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं की बाळ वरचं खायला लागलं, रात्रीचं पिणं कमी झालं की पाळी परत येऊ शकते. दुधाला काही होत नाही. चार दिवस थोडं कमी वाटेल, पाजत राहा. आणि एवढ्यात दुसरं नको असेल तर आता बिनधास्त राहू नका. एवढंच. माझ्या काळजीच्या मानाने उत्तर फारच आखूड होतं.

पुढच्या पंधरवड्यात अथर्वचं वजन वाढलं. डॉक्टरांनी त्याचं दूध बदललं होतं, हे चारुदत्तने सांगितलं. काकूंनी ते पुढे कोणाला सांगितलं नाही. मितालीच्या हाताला गुण आहे, असं मात्र इमारतभर झालं, मग शेजारच्या इमारतीत. आता मला बारशी येतात, बोरन्हाणं येतात. अंगावर पाजणारी, अडचण नसलेली आणि वर हाताला गुण असलेली सवाष्ण आहे कुठे दुसरी? खरं सांगायची सोय नाही. माझं सांगितलं तर बायका तारखा मोजत त्या शुक्रवारपर्यंत जातील, आणि काकूंचं उघडं पडेल.

म्हणून दर महिन्याला चार दिवस रेवा आजारी पडते. कधी ताप, कधी पोट. आत्ता ती शेजारी ठणठणीत झोपली आहे आणि मी उद्या तिला काय झालं असेल ते ठरवते आहे. सर्दी मागच्या खेपेला झाली. खऱ्या आजारांना मी एवढी भिते, आणि आता खोटे शोधते. हेतल सगळं माहीत असून ओवा पाठवते, भाविकाची सासू येऊन मिठा-मिरचीने दृष्ट काढते, आणि सगळ्यांचं मत आहे की मिताली चांगली, पण पोर भारी नाजूक.

काकूही येतात. इतर बायका जिन्यात असतील तर दारातूनच मोठ्याने विचारतात, "आज काय गं झालं पोरीला?"

"काकू, जुलाब."

"अगं बाई!" म्हणतात, आणि हळिवाच्या लाडवांचा डबा माझ्या हातात देतात. मग आवाज खाली आणून विचारतात, "खूप जातंय का? दूध पुरतंय ना?" रेवा रांगत जाऊन त्यांना बिलगते. काकू तिला उचलतात, तिच्या टुणटुणीत पोटावर हात ठेवतात आणि जिन्यातल्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणतात, "फार अशक्त झाली हो."