एदोगावाकाठचे गोलकीपर

मिचिकोसानचा फोन आला तेव्हा मी ग्योतोकु स्टेशनजवळच्या भाजीच्या दुकानात उभी होते. ‘‘डेस्मंड आज सकाळी गेला,’’ एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता महिना उलटून गेला. तरी रविवारी नदीवर धुकं असलं की वाटतं, पलीकडे कुणीतरी उंच माणूस हात पसरून उभा आहे.

दोन हजार सालानंतर इथे जपानमध्ये, तोझाई लाइनच्या लोकलगाड्यांत आयटीतली आपली माणसं दिसू लागली, त्यातच नवऱ्याच्या नोकरीमागे मीही इथे आले. दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी. भाषा येत नव्हती. संध्याकाळी एदोगावा नदीच्या बांधावर फिरायचे. बालवाडीत इंग्रजी शिकवणारे डेस्मंडसान तिथे हौशी बायकांना फुटबॉल शिकवत. एकदा चेंडू माझ्याकडे आला आणि मी तो दोन्ही हातांनी उचलला. ‘‘म्हणजे तुम्ही आमच्यातल्या, गोलकीपर,’’ ते हसून म्हणाले. त्यानंतर कित्येक वर्षं मी तिथल्या दोन खांबांमध्ये उभी राहिले. इथली माझी पहिली ओळखीची जागा तीच.

ते स्वतः कॅरेबियन समुद्रातल्या आपल्या बेटाच्या राष्ट्रीय संघाचे गोलकीपर होते, हे मला फार उशिरा कळलं. मी नेलेलं थालीपीठ खात, बांधावर बसून त्यांनी सांगितलं. वर्ल्डकपच्या पात्रता फेरीचा सामना होता, बरोबरी चालली होती. शेजारच्या बेटाचा एक फॉरवर्ड धडकेत यांच्या पुढ्यातच कोसळला. त्याचा श्वास अडकला, ओठ निळे पडायला लागले. चेंडू तिथेच, हाताच्या अंतरावर घरंगळत होता. डेस्मंडसान चेंडू सोडून त्या माणसाकडे गेले. त्याला कुशीवर वळवलं, जबडा उघडला... आणि मागे जाळं हललं. शिट्टी वाजलेली नव्हती, त्यामुळे गोल धरला गेला. बेट हरलं. संघात त्यांना पुन्हा कधी घेतलं नाही. बाजारात ओळखीचे लोक मान फिरवू लागले. पुढे बेटावर शिकवायला आलेल्या मिचिकोसानशी लग्न करून ते जपानला आले.

‘‘वाईट नाही वाटत?’’ मी विचारलं.

‘‘वाटतं ना. तो चेंडू अजून स्वप्नात येतो. कधी कधी मी पकडतोसुद्धा,’’ ते पाण्याकडे बघत म्हणाले. ‘‘पण पकडला की घाबरून जाग येते. तो माणूस तिकडे तसाच पडलेला असतो.’’

अंत्यविधीला एक थकलेले गृहस्थ तरुण मुलीचा हात धरून आले होते. इतक्या लांबून कोण आलंय, ते मिचिकोसाननी कानात सांगितलं. शवपेटीवर हात ठेवून ते कितीतरी वेळ उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. बाहेर आल्यावर मुलीकडे बघत मला म्हणाले, ‘‘त्या मॅचच्या वेळी ही जन्मायची होती.’’

परवा मिचिकोसानकडे गेले. बाल्कनीतल्या दांडीला डेस्मंडसानचे हातमोजे चिमट्यांनी लटकवलेले होते. दर रविवारी खेळून आल्यावर ते स्वतःच्या हातांनी धुवायचे. ‘‘वापरले नव्हते,’’ मिचिकोसान म्हणाल्या, ‘‘पण रविवार आला, म्हणून धुतले.’’ वाऱ्याने बोटं भरत होती, रिकामी होत होती... मी एकात हात घातला. मला तो फार मोठा होता. आत ऊन साठलं होतं.